अक्काचा अर्धा पगार

भालकीच्या मराठी शाळेत मी शिक्षिका होते. यजमान नोकरीसाठी बिदरला असायचे, त्यामुळे माझ्या मुलीला दिवसभर अक्का सांभाळायची. बौद्ध वस्तीत राहणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी बाई. महिन्याला तीस रुपये ठरले होते. दसऱ्याला, उन्हाळ्यात शाळा बंद असली की मी घरीच असायची, म्हणून तेवढ्या दिवसांचे पैसे कापायची.

मुलगी तीन वर्षांची झाली तसं तिला बालवाडीत घातलं. वेळ दहा ते एक. पहिल्याच आठवड्यात मी अक्काला म्हणाले, "आता निम्मा दिवस लेकरू तिकडंच असतंय. पंधरा रुपये दिले तर चालतील ना?"

मुलीचं नाक पदरानं पुसत ती म्हणाली, "बघा बाई, तुमाला वाटंल तसं."

आपण हिशोबानं वागलो असंच मला वाटलं. बालवाडीच्या बाई प्रशिक्षणाला गेल्या, की आठ-आठ दिवस बालवाडी बंद असे. तेव्हा मुलगी पुन्हा दिवसभर अक्काकडेच राही. त्याचे वेगळे पैसे द्यावेत हे मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. तिनं मागितले नाहीत, म्हणून मी गप्प बसले.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बालवाडीवरून निघाले होते. अक्का बाहेरच्या पायरीवर बसलेली दिसली.

"अक्का, तू इथं कामून?"

"मी दिसले न्हाई की लेकरू रडायलंय बाई. रोज इथंच बसतो."

"रोज? एक वाजेपर्यंत?"

"व्हय. मग घेऊनच जातो."

आत मुलगी मातीत बोटानं रेघा ओढत होती. मध्येच मान वर करून तिनं दाराकडं बघितलं, अक्का दिसली आणि पुन्हा खेळायला लागली. मी बाजारात गेले, भाजी घेतली. त्या महिन्याच्या शेवटी पंधराच रुपये दिले. एकदम वाढवले तर आपली चूक कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि अक्का आलीच नाही. दोन दिवस वाट बघून मी तिच्या घरी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. ती खुरपं घेऊन निघालीच होती. बसा म्हणाली. मी उभीच राहिले.

"अक्का, तीस देते. सुट्टीचेही कापणार नाही."

"पैशाचं न्हाई बाई," ती म्हणाली. "शेतात रोज काम लागायलंय आता. तुमच्या सुट्टीत मी घरी बसून काय खाऊ, ते तुमी कधी इचारलं न्हाई." आवाजात राग नव्हता. मुलीला म्हणून तिनं शेंगदाण्याचा लाडू दिला आणि बाकीच्या बायकांबरोबर निघून गेली.

शाळेत सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "जास्त पैसे मागायली होती. आजकाल माणसं टिकत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खोटं मी आजवर कुणापुढं दुरुस्त केलेलं नाही.