खिडकीतलं झाड

परदेशातल्या या मिल्टन गावात आमच्या मराठी नाटकाचा मागचा पडदा रंगवायला एक युक्रेनियन आजोबा आले होते. कीव्हच्या थिएटरात त्यांनी आयुष्यभर नेपथ्य केलं होतं. मग लेकीकडे आले आणि इथे ते काम त्यांना कुणी दिलंच नाही. कापड जमिनीवर अंथरून, लांब दांड्याला ब्रश बांधून, ते नुसत्या मोज्यांनी त्यावर चालत रंगवायचे.

पडद्यावरच्या खिडकीत आंब्याचं झाड हवं, असं सांगितलं होतं. त्यांनी पांढऱ्या तुऱ्यांचं भलतंच झाड काढलं.

“हा आंबा नाहीये,” दिग्दर्शन करणाऱ्या वहिनी म्हणाल्या. “उद्या शो आहे, वरून रंग मारूया.”

आजोबा झाडाकडेच बघत होते. “मे महिन्यात आमच्या रस्त्यावर हेच फुलतं,” ते हळूच इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू शेवटच्या रांगेत जा. नेपथ्य तिथून बघायचं असतं.”

पडदा टांगल्यावर मी गेलो. मी काही उगाच गोड बोलणारा नाही. पण तिथून पाकळ्या दिसेनाशा झाल्या आणि उरला मोहर, आईच्या दारातला, मी कित्येक वर्षं न पाहिलेला.

“काय दिसतंय रे?” वहिनी ओरडल्या.

“आंबाच आहे, वहिनी. हात लावू नका.”