श्रावणातली हळद

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रायगड जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात, दिवसाढवळ्या, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, एक लग्न लागता लागता राहिले. नवरदेव आधीच लग्न झालेला होता, करवलीच्या जागी महिला शिपाई उभी होती आणि अक्षता आमच्या मेसच्या तांदळाच्या होत्या. यजमान मी.

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं. ते ओसरायला मात्र फार वेळ लागत नाही.

डान्सबारवर बंदी आली तो काळ. महामार्गावरच्या लाल-निळ्या पाट्या एकेक करून विझल्या होत्या. मी तेव्हा पेण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वरून रोज विचारणा व्हायची, हद्दीत काही चालू आहे का, आणि मी रोज ताठ मानेने 'निरंक' कळवायचो. निरंक हा आमच्या खात्यातला सगळ्यांत लाडका शब्द. तो लिहिला की जेवण गोड लागतं.

त्यात श्रावण. पेणचे गणपती ट्रकमध्ये चढायला लागलेले, वडखळ नाक्यावर कोंडी, निम्मे शिपाई बंदोबस्तावर. अशा एका रविवारी सकाळी ठाण्यात एक म्हातारी आली आणि तक्रार लिहून घ्या म्हणून बाकावर ठाण मांडून बसली. ती धवलारीण होती. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचा मोठा मान हिचा. ती धवले गाते, म्हणजे दोन्ही घरच्या देवांना आणि वाडवडिलांना नावं घेऊन मांडवात बोलावते. भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीवाचून हळद लागत नाही.

तिची तक्रार अशी होती की, कासूच्या पुढे खाडीकडे एका मुंबईकराचा मोठा बंगला आहे, तिथे हळद लागते आणि तिला बोलावणं येत नाही. आमचा ठाणे अंमलदार घाटावरचा. त्याने तिला सौम्य शब्दांत समजावलं की मानपान हा दखलपात्र गुन्हा नाही. म्हातारीने त्याला बाजूला सारलं आणि थेट माझ्या खोलीत आली.

"सायेब, दर आयतवारी हलद लागते," ती म्हणाली. "न लगीन आजून एकाचा पन नाय झाला. न श्रावनान कोन हलद लावतं, सांग मना."

मी हातातला चहा खाली ठेवला. गावात एवढे दिवस डीजे वाजत होता, सगळ्यांनी ऐकला होता. खाडीपट्ट्यात हळदीचा डीजे म्हणजे वाऱ्यासारखा. कुणी तक्रार करत नाही, आणि पोलीस तर हळदीत शिरतच नाहीत. शिरले तर जेवूनच बाहेर येतात. बंद झालेल्या बारला लपायला याहून चांगली जागा नव्हती. फक्त ज्याने ही युक्ती काढली त्याने पंचांग पाहिलं नव्हतं आणि या धवलारीण मावशीचा मान ठेवला नव्हता.

उपअधीक्षकांची परवानगी घेतली, दोन पंच आणि महिला पोलीस तयार ठेवल्या. बोगस गिऱ्हाईक म्हणून आमच्यातला एक पोट सुटलेला हवालदार निवडला. गळ्यात पितळी साखळी अडकवून तो जमिनीचा दलाल झाला, आणि इतका बेमालूम झाला की दोघांनी त्याला खरोखरच वडखळचा भाव विचारला. छापा दुपारचाच घालायचा हे मी ठरवलं होतं. बाईमाणसाचं प्रकरण असेल तर सूर्य मावळायच्या आत उरकावं, हा माझा नोकरीभरचा नियम.

हवालदाराचा मिस्ड कॉल आला तसे आम्ही आत गेलो. मांडव होता, झेंडूची तोरणं होती, एका बाजूला दारूचं टेबल होतं. मधोमध पाटावर पिवळ्या साडीत एक मुलगी बसली होती, विशीतली. मुंबईहून आलेले पाहुणे रांगेने येऊन तिला हळद लावत होते. कुठे लावत होते ते पंचनाम्यात लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. हळद झाली की ती नाचायची, आणि नंतर ज्याने जास्त दिले त्याच्याबरोबर वरच्या खोलीत जायची. त्या खोलीची कडी बाहेरून होती. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ लग्नघरं पाहिली, नवरीच्या खोलीला बाहेरून कडी कुठे पाहिली नाही.

बंगल्याचा मालक जराही डगमगला नाही. पांढरे कपडे, हातात अंगठ्या, तोंडात साखर. "घरचं कार्य आहे, साहेब. माझ्या मॅनेजरचं लग्न. जेवूनच जा."

मॅनेजर रोह्याकडचा, पस्तिशीतला. त्याने मान हलवली. मी मुलीला विचारलं. तिने वर न बघता सांगितलं, "हो. माझीच हळद आहे."

ठाण्यात आणल्यावरही ती त्याच वाक्यावर ठाम. महिला पोलिसाने चहा दिला, पंखा लावला, एकटीला बसवून विचारलं. एवढंच कळलं की ती घाटावरच्या एका गावची, वडखळजवळच्या बारमध्ये नाचायची, बार बंद झाल्यावर रामवाडीतल्या खोलीचं भाडं थकलं आणि कुणीतरी या मालकाकडे काम आहे म्हणून सांगितलं. आईला अजून वाटत होतं की पोरगी कंपनीत आहे. पुढे काही विचारलं की, माझीच हळद आहे.

आता माझी अडचण पाहा. हळद खरी मानली तर गुन्हा नाही, आणि ही मुलगी होणाऱ्या नवऱ्याच्या हाताला धरून संध्याकाळी पुन्हा त्याच कडीच्या आत. दुसरीकडे वरून फोन आला होता की बारबालाच आहे ना, मग आरोपी करा, फोटो काढा, उद्या पेपरला आलं पाहिजे. म्हणजे तिच्या आईला कंपनीची हकीकत पेपरातून कळणार. मधला रस्ता एकच होता. मालक आणि मॅनेजर या दोघांपैकी कुणीतरी खरं बोलायला हवं होतं. मालक बोलणारा नव्हता, वकिलाला फोन करून निवांत बसला होता. राहिला मॅनेजर. तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होता, आणि चांगलं बोलत होता.

चौकशी म्हणजे दरडावणं नव्हे. समोरचा माणूस कुणापुढे खोटं बोलू शकत नाही, ते शोधणं. कुणी आईपुढे बोलू शकत नाही, कुणी मास्तरांपुढे. मी उठलो, मॅनेजरचा हात हातात घेतला आणि त्याचं अभिनंदन केलं. म्हटलं, हळद लागलेल्या नवरीने लग्नाआधी वेशीबाहेर पडू नये, आणि माझ्यामुळे ती पडली. हे पाप माझ्या माथी नको. लग्न इथेच लावू.

गंमत वाटून मालक हसला. मी मेसमधून तांदूळ मागवले, कोपऱ्यावरून नारळ आणला, दोन पाट मांडायला लावले. मावशी सकाळपासून घरी गेलेलीच नव्हती. तिला बोलावलं. ती आली, पदर खोचून खाली बसली आणि तिने नवरदेवाला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. बापाचं नाव आणि गाव विचारलं. तेही सांगितलं. मग तिने विचारलं, "तुमचा गावदेव कंचा?"

त्याने मालकाकडे पाहिलं.

"रोह्याचा ना तू? मंग धावीर म्हाराज," असं म्हणून तिने डोळे मिटले आणि चालीवर पहिली ओळ उचलली. धावीर महाराजांना मांडवात येण्याचं बोलावणं होतं ते. रोह्यात दसऱ्याच्या दिवसांत पालखी निघते तेव्हा आमचं खातं या देवाला बंदुकांनिशी सलामी देतं. तो माणूस माझ्यापुढे बेधडक खोटं बोलत होता, पण मीही ज्याला सलामी ठोकतो त्याला साक्षीला बोलावल्यावर त्याला ते जमेना. धवल्यात एकदा नाव जोडलं गेलं की लग्न लागलं, हे त्याच्या रक्तात होतं.

"मावशी, थांब," तो पाटावरून उठलाच. "म्हाराजांना नको बोलावूस. माझा लगीन झालाय. बायको रोह्याला हाय."

मालकाचं हसू तिथेच गोठलं. मी मॅनेजरला दुसऱ्या खोलीत नेलं आणि त्याचा जबाब घेतला. कडीची किल्ली कुणाकडे, मुलीचा फोन कुठल्या कपाटात, पाहुण्यांना निरोप कोण द्यायचं, सगळं आलं. आणि हेही आलं की पळालीस किंवा बोललीस तर हळदीचे फोटो तुझ्या गावी पाठवीन, असं मालकाने मुलीला सांगून ठेवलं होतं.

मुलगी मात्र आपल्या हातांकडे पाहत होती. हळद नखांत, मनगटावर, गळ्याजवळ वाळून तडकली होती. मावशी तिच्याशेजारी सरकली, पदर तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि तिचे हात पुसायला लागली. एकेक बोट धरून, लहान मुलाचे पुसावेत तसे.

"ही हलद नाय गो पोरी," ती म्हणाली. "धवला नाय, देव नाय, त हलद लागलीच नाय. तू कोरी हायस."

मुलगी त्यावर जी रडायला लागली ती बराच वेळ. नंतर तिने जबाब दिला. तो लिहिताना महिला शिपायाने दोनदा पेन खाली ठेवलं. कागदावर मुलगी पीडित आणि साक्षीदार म्हणून आली, आरोपी म्हणून नाही. मालकाला अटक झाली. हळदीचे फोटो आणि त्याचा कॅमेरा मुद्देमालात जमा झाले, घाटावर काही गेलं नाही.

या गुन्ह्याच्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली. ती घेताना मला काय वाटत होतं ते सांगतो. बंदीचा हुकूम आला त्या दिवशी आम्ही बारच्या दारांना सील लावलं, पंचनामे केले आणि निघून आलो. आतल्या बायका कुठे गेल्या, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तो रकानाच नव्हता. नंतरच्या नोकरीत कुठलंही दार बंद करायचा हुकूम आला की मी आतल्या माणसांची नावं आणि पुढचा पत्ता आधी विचारायचो. वरिष्ठ वैतागायचे. वैतागू दे.

पण हे शहाणपण मला माझ्या डोक्यातून सुचलेलं नाही. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठ साहेब पत्रकार घेऊन ठाण्यात आले. मुलीला ओढणीने चेहरा झाकून बसवलं होतं. साहेबांनी बंदीमुळे किती भगिनींची सुटका झाली यावर चांगलं भाषण केलं. मग मायेने तिच्याकडे वळून विचारलं, "काय बेटा, सरकारने बार बंद केले, आता मोकळं वाटतंय ना?" मी तिला नुसतं 'हो साहेब' म्हणायला सांगून ठेवलं होतं. ओढणीआडून एकदम आवाज आला:

"बारमध्ये होते तेव्हा शिफ्ट संपली की मी घरी जायचे, साहेब."