भिंतीवरचा गरम सायलेन्सर

शिवणकाम करणारी ती बाई आजही हसत हसत कबूल करते की पहिल्या दिवशी धूरकाका तिला पेंगणारे राखणदार वाटले होते. एका गाडीच्या मागे उकिडवे बसलेले, डोळे मिटलेले, तळहात सायलेन्सरच्या तोंडाशी, जणू शेकोटी शेकतायत.

“ओ काका, मिस्त्री कधी यायचेत?”

“आलेत. गप्प बसा, ऐकतायत ते.”

धूरकाकांचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबडी खोली. फरशी मागच्या भिंतीकडून दाराकडे उतरती. बादलीभर पाणी ओतलं की सरळ रस्त्यावर. काका इंजिनाला हात लावणार नाहीत, ब्रेककडे बघणार नाहीत. काम फक्त सायलेन्सरचं. एक भुवई कधीच जळालेली, ती परत उगवायचं नाव घेत नाही. बायको दारातच अंघोळीची बादली ठेवते, काळ्या तोंडानं घरात घेत नाही, हेही मिरवून सांगणार. काढलेले जुने सायलेन्सर मात्र भंगारात जात नाहीत, मागच्या भिंतीवर टांगलेले. “राहू द्या, दमलेत बिचारे.”

बाईचं दुखणं वेगळंच होतं. नवरा गेला, त्याची गाडी आता लेक चालवायची. रोज संध्याकाळी कोपऱ्यावर तो ओळखीचा खरखरता आवाज वळला की सासूबाई “आला गं माझा” म्हणत उठायच्या. मागच्या आठवड्यात पायरीवरून घसरल्याच.

“तो आवाज बदला, काका. पुढच्या वेळी हाडच मोडेल त्यांचं.”

काकांनी रुंद स्टीलचा पाइप, आवाज दाबणारा नवा मफलर, सगळं चांगलं बसवून दिलं. पण त्यांचा एक नेम होता. गेलेल्या माणसाची गाडी असली, की जुना सायलेन्सर कापण्याआधी घरच्याच माणसानं इंजिन लावायचं, मनभर ऐकायचं आणि आपल्या हातानं बंद करायचं. त्या दिवशी बाई बाहेर फोनवर गिऱ्हाइकाशी बाह्यांच्या लांबीवरून भांडत होती. काका वाट बघून कंटाळले आणि चावी त्यांनीच फिरवली, त्यांनीच बंद केली.

संध्याकाळी गाडी मांजरीसारखी येऊन उभी राहिली. सासूबाईंनी मान वर केली नाही. बाईनं सुटकेचा श्वास सोडला, ताटं वाढली. आणि कोपऱ्यावर तोच आवाज वळला. खर्र, खर्र, दारापर्यंत आला आणि थांबला.

लेकीचा घास हातातच राहिला. “आई, गाडी तर केव्हाची दारात आहे.”

सासूबाई तोवर पायरीवर! बाईनं त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं बॉनेट चाचपलं. गार पडलेलं.

सकाळी ती दुकानात पोचली, तर काका भिंतीपुढे उभे.

“काल संध्याकाळी घरी काही ऐकू आलं?” त्यांनीच विचारलं. “लावा हात.”

तिच्या गाडीचा जुना सायलेन्सर तापलेल्या पोराच्या कपाळासारखा लागत होता. शेजारचे सगळे थंडगार.

“चूक माझी,” काका म्हणाले. “चावी मी फिरवली. त्याला घरच्या कुणी थांब म्हटलंच नाही. आजींना घेऊन या.”

जुना सायलेन्सर पट्ट्यांनी परत बांधला. सासूबाई चालकाच्या जागी बसल्या, चावी फिरवली. खोली त्या खरखरीनं भरली, भिंतीवरचे बाकीचे सायलेन्सरही थरथरायला लागले. म्हातारीनं स्टिअरिंगवरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

“पुरे रे. पोचलास ना? बस आता.”

चावी बंद झाली. लोखंड टिकटिक करत निवत गेलं. काकांनी ते पुन्हा भिंतीवर टांगलं, नवं बसवलं. त्या संध्याकाळपासून कोपरा गप्प आणि सासूबाई जागच्या जागी.

काही दिवसांनी पट्ट्या घट्ट करायला तिघी आल्या, तर सासूबाई भलत्याच फॉर्मात.

“अहो मिस्त्री, नळी वाकडी बसवलीत!”

“नळी सरळ आहे, आजी. जमीन वाकडी आहे.”

“म्हणजे माझे डोळे फुटले, असंच ना?”

“मी जमिनीबद्दल बोलतोय. डोळ्यांचं तुम्हीच काढलंत.”

“दाखवा मग!”

काकांनी डब्यातून बेअरिंगचा छर्रा काढला, फरशीवर ठेवला, बोट उचललं. छर्रा क्षणभर घुटमळला. मग उताराकडे पाठ करून, सावकाश, चढावरून मागच्या भिंतीकडे निघाला. त्या जुन्या सायलेन्सरच्या बरोब्बर खाली जाऊन भिंतीला टेकला. टिंग.

लेकीनं आजीचा हात घट्ट धरला. पण हार मानतील तर ते धूरकाका कसले!

“बघा. म्हटलं नव्हतं, वाकडी आहे?”

सासूबाईंनी एकदा भिंतीवरच्या त्या सायलेन्सरकडे पाहिलं.

“बरं बाबा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमचंच खरं.”