सुगरणचा डबा

दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ज्याने खाल्ली आहे, त्याला मी काय सांगतो ते कळेल. तव्यावर पडायच्या आतच तिचे तुकडे व्हायचे आणि तोंडात घातली की नुसता भुसा. आमच्या नागापूरच्या पंपाच्या कारखान्यात दुपारी डबे उघडले की सगळ्यांच्या डब्यात तेच तुकडे. एकाच डब्यात भाकरी अख्खी, पातळ, काठाला न चिरलेली, आणि शेजारी जवसाची चटणी. तो डबा लेथवर काम करणाऱ्या नामदेवचा. आम्ही त्याला सुगरण म्हणायला लागलो आणि त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

तो चिडायचा नाही. "सुगरन मी न्हाई, सुगरन घरी हाय," एवढंच म्हणायचा. त्यावर आम्ही पोट धरून हसायचो, कारण तिशी उलटलेला हा गडी सडाफटिंग. आमची जेवायची रीत अशी, की स्टोअरच्या दाराशी कागद पसरायचे, सगळे डबे मधोमध ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं. सुगरणचा डबा सर्वांत आधी रिकामा व्हायचा. तो मात्र माझ्या बायकोच्या भाकरीचे तुकडे आमटीत कुस्करून मुकाट जेवायचा. मी स्टोअरकीपर, म्हणून त्याच्या लेखी भाऊसाहेब. पण बसायचा माझ्याच मांडीला मांडी लावून.

दुसरी एक सवय होती त्याची. कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं की तो सदरा मागून घ्यायचा. "घरी देतो," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी बटण लावून, उसवलेलं काज नव्याने घालून सदरा परत. हे कोण करतं, असं आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. फुकटात होतंय ना, मग झालं!

एकदा तो तापाने पडला, म्हणून रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. दत्तू नावाचा त्याचा खोलीतला जोडीदार, मूळचा जामखेडकडचा, शिंप्याच्या दुकानात काजं करणारा, सुगरणचं डोकं मांडीवर घेऊन कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होता. यात काय, कुणीही करील. पण मला बघून दत्तूने ते डोकं खाली ठेवलं नाही. सुगरणने डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटले. ते इतक्या बिनघोरपणे मिटले, की मला सगळं उमगलं. चुलीपाशी भाकरी थापायची काठवट धुऊन उपडी घातली होती. घरची सुगरण कोण, ते मला त्या दिवशी दिसलं.

मी कुणाला चकार शब्द बोललो नाही. याचा मला केवढा अभिमान! दुसरा कुणी असता तर कारखानाभर बोंब ठोकली असती. डब्यातही मी पूर्वीसारखाच हात घालत राहिलो. मात्र मनाने घेतलं, की माणूस सोन्यासारखा आहे, असा वाया जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध ठरलेलं: दोनाचे चार हात करून टाका. त्यात मालकही म्हणत होते, संसारी असता तर याला फोरमन केला असता. मी कंबर कसली.

माझ्या बायकोचे चुलते कर्जतकडचे, त्यांची मुलगी लग्नाची होती. एका रविवारी त्यांना घेऊन मी थेट सुगरणच्या खोलीवर धडकलो. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तो नको म्हणाला असता. म्हणजे ते मला ठाऊक होतं, बघा.

दत्तूने घोंगडी अंथरली आणि चहाचं आधण ठेवलं. चुलत्यांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं, "हे कोन म्हनायचं?"

"दत्तू," सुगरण म्हणाला. "आमी संगंच ऱ्हातो. लई वर्सं झाली."

"बरं. मग लगीन झाल्यावर हे कुठं जानार?"

चुलत्यांचं काही चुकलं नाही. मुलीचा बाप, एकच खोली बघितल्यावर हे विचारणारच. सुगरण माझ्याकडे बघत राहिला. भाऊसाहेब सावरून घेतील, असं त्याला वाटलं असावं. मी म्हणालो, "त्याचं काय एवढं? एकटा जीव, बघेल दुसरी खोली."

दत्तू चहा गाळत होता. थेंबसुद्धा सांडला नाही. पहिला कप त्याने मलाच दिला.

सोमवारी सुगरणने मालकांना काम सोडतो म्हणून सांगितलं. तरी दुपारपर्यंत लेथवर उभा राहून त्याने हातातलं काम पुरं केलं. जेवायला लांब बसेल असं वाटलं होतं, पण नेहमीसारखा माझ्याशेजारीच बसला आणि डबा मधोमध सरकवला. बाकीचे तुटून पडले. त्यांच्या गलक्यात तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, त्या तापापासनं तुमाला ठावं हुतं न?"

मी मान डोलावली.

"आन तरीबी तुमी डब्यात हात घालत हुता. मी दत्तूला सांगायचो, कारखान्यात एक मानूस हाय आपला."

रागाने म्हणाला असता तर मी दोन शब्द उलट बोललो असतो. तो रागावला नव्हता. जेवण झाल्यावर रिकामा डबा धुऊन, फडक्यात बांधून तो निघून गेला आणि त्यानंतर मला कधीच दिसला नाही. ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते, आणि कुणाला सांगून ती कमी होत नाही.

पण त्या वेळी मला लाज वाटली, असंही म्हणवत नाही. कारण दुसऱ्या दिवशी कागद पसरताना कुणीतरी विचारलं, "सुगरण कुठंय?"

"गावी गेला," मी म्हणालो. "लग्न ठरलंय त्याचं."

सगळ्यांना मनापासून आनंद झाला. एकाने विचारलं, "आपल्याला बोलावील न?"

"बोलावील की," मी म्हणालो, आणि डबा उघडला.