तळहातावरची दिवेलागण

आमच्या घरी दिवेलागण घड्याळावर ठरत नसे, तळहातावर ठरे. संध्याकाळी आई फाटकाशी उभी राहून हात पुढे धरायची. हातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की देवापुढे समई लागायची, आणि तोवर मी घरात पोचलेली असायलाच हवी. भावाला हा नियम नव्हता. त्यावरून मी पुष्कळ आदळआपट केली, पण एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान दक्षिणेतल्या मल्लेश्वरमात मुलीची आदळआपट कोण मनावर घेणार?

उन्हाळ्यात माझं काही अडत नसे. अडायचं ते थंडीत. मी शाळेच्या बॉल बॅडमिंटनच्या संघात होते. पिवळ्या लोकरीचा तो चेंडू मारण्यात मला जेवढं सुख वाटे तेवढं नंतर फार थोड्या गोष्टींत वाटलं. त्या वर्षी सामना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होता. सराव सव्वासहापर्यंत चाले आणि मैदानापासून घर वीस मिनिटांवर. मी पावणेसहालाच पळ काढी. आमच्या कप्तानाला सगळ्या अक्का म्हणत. ती एक दिवस शांतपणे म्हणाली, "शेवटपर्यंत थांबणाऱ्या पाचजणी खेळतील. तू बघ."

मी अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे वडील. ते कारखान्यात लेथवर काम करत आणि केसाएवढाही फरक खपवून घेत नसत. ते म्हणाले, "संक्रांतीपासून दिवस वाढतो. मग थांब की."

"सामना संक्रांतीच्या आधी आहे."

"त्याला मी काय करू? सूर्य माझ्या हाताखाली नाही."

आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत होती. तिळगूळ खाल्ला की दिवस लांबू लागतो, त्याआधी नाही. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी रोज संध्याकाळी आईशेजारी स्वतःचा हात धरू लागले. रेषा पुसल्या की खिडकीतून घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं. नोव्हेंबरअखेर सहा दहा. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा सहा सोळा. संध्याकाळ परत येऊ लागली होती, आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं.

अण्णांनी वही पाहिली आणि मान हलवली. "पुस्तकात बावीस डिसेंबर सगळ्यात लहान दिवस. त्याच्या आधी संध्याकाळ वाढेल कशी? तू घड्याळ चुकीचं वाचलंस." दुसऱ्या दिवशी ते स्वतः फाटकाशी उभे राहिले. पण त्यांच्या हातावरच्या रेषांत वर्षानुवर्षांचं काळं तेल मुरलेलं. आमच्या रेषा गेल्या तरी त्यांच्या ठसठशीत दिसत होत्या. आई म्हणाली, "तुमच्या हातानं मोजलं तर समई जेवणानंतर लागेल." मी हसत सुटले. अण्णा मात्र गंभीरपणे नळावर गेले, राख लावून हात घासले, आणि पुढचे चार दिवस घासलेल्या हातानं मोजत राहिले. माझे आकडे बरोबर निघाले.

मग ते कारखान्यातल्या एका इंजिनिअरला विचारून आले. रात्री जेवताना त्यांनी मोसंब्यात स्वेटरची सुई खुपसली, ती कलती धरली आणि दिव्याभोवती फिरवली. पृथ्वी अशी कललेली, म्हणून सूर्य कधी वरच्या अर्ध्याला जास्त वेळ दिसतो, कधी खालच्या. आपण पोटाच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून आपल्याकडे फरक स्वल्प. आणि या दिवसांत सूर्याची दुपारच, म्हणजे तो सगळ्यात वर येण्याची वेळ, घड्याळाच्या मानानं रोज जराशी उशिरा होते. त्यामुळे सकाळ उशिरा उजाडत जाते, पण संध्याकाळ आधीच लांबू लागते. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "सहा मिनिटं तुझी."

सहा मिनिटं! मला हवी होती पंचवीस. त्यांनी मोसंबं सोलून मला दिलं तेव्हा मी ते खाल्लं नाही, आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. खरं ठरूनही काही मिळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सरावात मी पावणेसहाला बॅट पिशवीत घालायला लागले. कुंपणापाशी एक सायकल टेकवलेली दिसली. शेजारी अण्णा उभे होते, कारखान्याच्या कपड्यांत, घरचा चहाही न घेता आलेले. मी धावत गेले. ते म्हणाले, "खेळ. मी आहे."

"पण आई?"

"तिला अंधाराचं काही नाही गं. तू एकटी असतेस, त्याचं आहे."

ते सामन्याच्या दिवसापर्यंत रोज आले. सामना आम्ही हरलो, पण पाचजणींत मी होते. त्या पहिल्या संध्याकाळी मात्र चेंडू दिसेनासा होईपर्यंत मी खेळले, आणि मग त्यांच्या मागे कॅरिअरवर बसले. गल्लीत वळलो तेव्हा प्रत्येक घरात दिवा लागला होता. आमच्याही. एवढी मोठी झाले तरी आमचा लागलेला दिवा मी रस्त्यावरून कधी पाहिलाच नव्हता.