टोपीवरचा आयलर्ट

आमच्या बंदरात अशी बोलवा आहे की तोरगुनने आपल्या नवऱ्याला समुद्रातल्या खडकावर सोडून दिलं आणि तो बुडायची वाट बघत होडीत वाफल खात बसली. पार बोडो शहरापर्यंत लोक हे छातीठोक सांगतात. त्यात दोन गोष्टी खोट्या आहेत. एक म्हणजे वाफल नव्हता, थंड माशाचा वडा होता. आणि दुसरं, तिने त्याला सोडलं नाही. तो स्वतःच्या पायांनी उतरला. तोरगुनने फक्त तोंड उघडलं नाही.

आयलर्ट एकतीस वर्षं फेरीबोटीवर होता. कप्तान कधीच नाही; दोर टाकणारा. वरून कप्तानाने खेकसायचं आणि याने खाली दोर फेकायचा, एवढीच नोकरी. मग त्याने छोटं इंजिन बसवलेली शिडाची होडी घेतली, तिला आपल्या आईचं नाव दिलं, ‘एडेल’, आणि त्या दिवसापासून तो कप्तान झाला. खेकसायला खाली कुणीतरी हवं, ती त्याची बायको, मासे पॅक करायच्या कामावरची तोरगुन.

सव्वीस उन्हाळे दोघं किनाऱ्याने उत्तरेला जात. उघड्या समुद्रावर सहा-सहा तास सुकाणू तोरगुनच धरायची, कारण कप्तान खाली घोरत असायचा. पण किनारा दिसला, बघणारी माणसं दिसली, की आयलर्ट डोळे चोळत वर येई. “सर बाजूला. सुकाणू म्हणजे तवा नाही.” मग तोरगुनने दोराचं टोक होडीच्या खुंट्याला बांधायचं, वेटोळं खांद्यावर घ्यायचं, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभं राहायचं आणि होडी खडकाला टेकायच्या आत उडी मारायची. मागून गजर चालूच. “हॉप! हॉप म्हटलं ना! गाभण मेंढीसुद्धा एव्हाना उतरली असती!”

इकडे धक्क्यावर आम्ही. दर शनिवारी आमच्यातली रांगन्फ्रिद साच्यात वाफल भाजायची आणि आम्ही कॉफी घेऊन ओळीने बसायचो, नवरा-बायकोच्या होड्या लागताना बघायला. बर्फावरच्या स्की-उडीला देतात तसे गुण द्यायचो: लांबीचे वेगळे, ढंगाचे वेगळे, विसापैकी. तोरगुनला लांबीचे बरे मिळत. ढंगात ती मार खायची, कारण उतरताना तिचा डावा गुडघा आत वळायचा आणि तोंडातून ‘हुंफ’ असा आवाज निघायचा. तो ‘हुंफ’ आमच्यातल्या पोराटोरांना तोंडपाठ होता. आयलर्टचं ‘हॉप’ त्याहून जास्त. पाण्यावरून आवाज छान जातो. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. तोरगुनला सगळं ऐकू जायचं. ती मान वर न करता दोर बांधायची.

त्या वसंतात डॉक्टरने तिचा गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, “यात आता एखादीच उडी शिल्लक आहे. बघ, कुठे खर्च करतेस ती.”

तिने ती खर्च करायची नाही असं ठरवलं. पाय शाबूत ठेवायचा, तर किनाऱ्याला लागताना सुकाणू तिच्या हाती हवं. बस, एवढंच मागणं होतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी धक्क्यासमोरच्या टोपीला एडेल लागत होती. टोपी म्हणजे आमचा सहलीचा खडक. ओहोटीत वीस माणसं बसतील एवढा, आणि भरती पुरती चढली की पाण्यावर नुसता त्यावर रोवलेला तांबडा खांब दिसतो, एवढा.

“हॉप!”

“नाही,” तोरगुन म्हणाली. “गुडघा गेलाय, आयलर्ट. आजपासून तू उडी मार, सुकाणू मी धरते.”

“तू? खडकाला लावताना?” तो धक्क्याकडे बघून हसला. “ऐका रे! मासे पॅक करणारी बाई होडी लावणार!”

आम्ही हसलो. हसलोच.

“भीती वाटते का तुला उडीची?” तोरगुनने विचारलं.

आता सगळं बंदर कान देऊन बसलेलं. आयलर्टने सुकाणू सोडलं, दाणदाण पाय आपटत पुढे गेला, वेटोळं उचललं. “बघ. शीक. असं उतरतात.”

तोरगुनने सुकाणू धरलं, आणि तेव्हा तिला दिसलं. दोराचं दुसरं टोक फळीवर मोकळं पडलं होतं. उडी मारायचीच नव्हती, म्हणून तिने आज ते बांधलं नव्हतं. आणि आयलर्टच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. फेरीबोटीवर ते टोक कायमचं बांधलेलं असायचं आणि एडेलवर ते तोरगुन बांधायची. जन्मात त्याला कधी मागे वळून बघावं लागलं नव्हतं.

तीन-चार सेकंद होते. ‘दोर’ एवढा एक शब्द पुरला असता. तोरगुनने ओठ मिटून घेतले.

आयलर्टने झकास उडी मारली. दोर त्याच्यामागून उंदराच्या शेपटीसारखा सरसरत गेला आणि गेलाच. तोरगुनने इंजिन उलटं फिरवलं. हा खडकावर उभा, हातात दोराची दोन्ही टोकं.

 धक्क्यावर रांगन्फ्रिदने पीठ ढवळता ढवळता गुण दिले, “ढंग अठरा. अक्कल शून्य.”

त्याने दोर फेकला, पडला पाण्यात. पुन्हा फेकला. तोरगुन टोपीभोवती सावकाश फेरी मारत होती, एका हाताने वडा खात.

“तोरगुन! भरती चढतेय!”

“माहीत आहे. सुकाणू कुणाचं?”

“माझं! होडी माझी! माझ्या आईचं नाव आहे तिला!”

“मग आईला हाक मार,” म्हणून ती दुसऱ्या फेरीला गेली.

पाणी बुटांना लागलं तेव्हा तो म्हणाला, “घरी जाऊन बोलू.” तिने तिसरी फेरी घेतली. पाणी बुटांच्या आत गेलं. आमचं पाणी जुलैतही दात वाजवतं. तो धक्क्याकडे वळून ओरडला, “अरे, कुणीतरी बोट काढा!”

“काढते की,” रांगन्फ्रिद म्हणाली. “हा एवढा वाफल उलटला की निघालेच.” ती उठली नाही. कुणीच उठलं नाही. एकतीस वर्षं ज्यांना त्याने फेरीबोटीवर चढवलं-उतरवलं, तीच माणसं होती ती सगळी.

पाणी गुडघ्याला आलं. गुडघ्याला येईपर्यंतच थांबायचं असं तोरगुनने ठरवलेलं असावं.

“सुकाणू कुणाचं?”

“तुझं.”

“धक्क्यावर ऐकू गेलं नाही.”

“तुझं!” तो असा किंचाळला की पलीकडचे पाणकावळे उडाले.

मग तिने एडेल टोपीजवळ आणली, फळीने खडक चाटावा इतकी अलगद. तशी लावलेली होडी आम्ही कधी बघितली नव्हती. “हॉप!”

“घसरतंय गं, अजून जवळ घे...”

“हॉप म्हटलं ना! गाभण मेंढीसुद्धा एव्हाना आली असती!” शब्द तेच, सूर तोच, शेवटचा हेलसुद्धा तोच. आयलर्टने उडी मारली. हनुवटी कठड्यावर आपटली आणि पुढचा एक दात समुद्रात गेला. तोंडातून आवाज आला, ‘हुंफ’.

ती धक्क्याला लागली तेव्हा मी तिला आयलर्टच्या आवाजात म्हणाले, “पुढच्या उन्हाळ्यात नाळेवर परत तूच.” म्हातारा रुमालात रक्त थुंकत बसला होता. बाईचं काळीज, विरघळणारच, असा माझा हिशेब. तिच्याशीच पैज लागली: हिवाळ्यात मी तळून खायला कापते त्या कॉड माशांच्या जिभांची एक भरलेली बादली.

पुढल्या जुलैत पहिल्याच शनिवारी एडेल टोपीकडे वळली. नाळेवर आयलर्ट. त्याने टोक खुंट्याला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं, मागे वळून तोरगुनकडे पाहिलं. ती डोळ्यांची उघडझाप न करता म्हणाली, “हॉप.”

फेब्रुवारीत मी हरलेली बादली तिच्या दारात नेऊन ठेवली. तिने एक जीभ उचलून उजेडात धरली, कड नीट कापलेली नाही म्हणून माझ्या हातात परत दिली, आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्यात नाळेवर परत तूच?”