बत्तीस लावायचं राहिलं

कोणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. पण घटना सांगण्याआधी आभार मानतो ते रत्नागिरीत डायव्हिंग शिकवणाऱ्या एका मॅडमचे. त्या नसत्या तर माझ्या हातून एक निरपराध माणूस कोठडीत गेला असता. आता मी नागपुरात मुलीकडे राहतो. इथे खारा वारा नाही, जेटी नाही. म्हणून तो दिवस जास्तच आठवतो.

माझं गाव देवरूखच्या वरच्या अंगाला. शाळा सातवीतच सुटली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. इंग्रजी कागद समोर आला की आजही छातीत धडधडतं.

त्या दिवशी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "डायव्हिंगच्या बोटीवरचा पाहुणा बेशुद्ध पडलाय. कॉम्प्रेसरवाल्यानं सिलेंडरात भलतंच भरलंय."

पाहुण्याला सिव्हिलला नेलं होतं. तो पाण्याखालून श्वास रोखून घाईने वर आला आणि फुप्फुसाला इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. जेटीवर पंचनामा केला. साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेला नायट्रॉक्स म्हणतात. त्या दिवशी बत्तीस टक्क्यांची ठरली होती. ऑक्सिजन त्याहून वाढला तर खोलवर तोच विषासारखा बाधतो. पाहुण्याच्या मनगटावर पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारा, घड्याळासारखा जुना डाइव्ह कॉम्प्युटर होता. पडद्यावर आकडा होता पन्नास. मी पंचनाम्यात लिहिलं, "सिलेंडरमध्ये ऑक्सिजन ५० टक्के."

कॉम्प्रेसरवाल्याला ठाण्यात बसवलं. तोही माझ्यासारखाच, अर्ध्यात शाळा सोडलेला.

"किती भरलंस?"

"बत्तीस, सायेब. मोजून भरलंय."

"मग यंत्र खोटं बोलतं काय?"

"यंत्राला काय ठावूक, सायेब? ते काय सिलेंडरात तोंड घालून बघतंय?"

मी त्याच्यावर ओरडलो. बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती, तिने मान खाली घातली. वरिष्ठांचा निरोप होता, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

पण त्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना. शेवटी दुसऱ्या केंद्रावरच्या या मॅडमना बोलावलं. म्हटलं, "मॅडम, माझं शिक्षण बेताचं. समजेल असं सांगा."

"सांगत नाही काका. तुमच्याच हाताने करा."

त्यांच्याकडे तसलंच जुनं यंत्र होतं. दोन पंच घेऊन जेटीवर गेलो. मी बटण दाबत दाबत आकडा बत्तीसवर आणला. मग यंत्र गळाच्या दोरीला बांधून पाण्यात सोडलं. जाळं विणत बसलेला एक म्हातारा हसला, "काय फौजदार, आज गरवायला? आमिष घड्याळाचं?" पंचही हसले.

वर काढलं तेव्हा बत्तीसच होतं. "आता दहा मिनिटं थांबा," मॅडम म्हणाल्या. थांबलो. दहा मिनिटांनी बघतो तर पन्नास!

"मी हात नाही लावला!"

"म्हणूनच. प्रत्येक बुडीआधी आकडा पुन्हा लावायचा असतो. नाही लावला तर हे जुनं यंत्र वाईटातलं वाईट, म्हणजे पन्नास, धरून चालतं. मग थोडं खोल गेलं की ओरडायला लागतं."

"म्हणजे सिलेंडरात काय आहे, ते याला कळतच नाही?"

"नाही. तुम्ही सांगाल तेच."

मघाशी कॉम्प्रेसरवाला हेच तर सांगत होता.

पुरवणी पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि घाबरत घाबरत वरिष्ठांपुढे ठेवला. अटक थांबली. कॉम्प्रेसरवाला बायकोबरोबर घरी गेला. दोन दिवसांनी पाहुणा शुद्धीवर आला. जबाबात म्हणाला, "दुसऱ्या बुडीआधी बत्तीस लावायचं राहिलं. खाली यंत्र ओरडलं आणि मी घाबरून सुटलो वर." पुढे प्रयोगशाळेचा अहवालही आला, सिलेंडरात बत्तीसच होतं.

ते यंत्र वाईट धरून चालतं ते माणूस जगावा म्हणून. मी वाईट धरलं ते कागद लवकर पुरा व्हावा म्हणून. त्यानंतर पंचनाम्यात मी जे दिसलं तेच लिहिलं, त्याचा अर्थ लिहिला नाही.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी ते जुनं यंत्र मला भेट दिलं. मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या, "एकदा खाली उतरून बघा, काका. इतकी वर्षं समुद्राकाठी नोकरी केलीत, समुद्र कुठे बघितलात?" मी डोंगरातला माणूस, पोहता येत नाही. हसून विषय टाळला.

आता इथे रोज सकाळी ते यंत्र हातात घेतो, पाण्यावाचून ते नुसती वेळ दाखवतं. मॅडम, मी पोहण्याच्या क्लासला नाव घातलंय. डॉक्टरांनी हो म्हटलं की येईन. खाली उतरेन, आणि उतरण्याआधी आकडा माझ्या हाताने लावीन.